फेऱ्यांवांचून पुनरावृत्ति

२००८ सालच्या डिसेंबर महिन्याची ३१ तारीख. अमेरिकेंत त्या दिवशीं हजारों लोकांनीं खिशांत मावेल असें गाणीं वाजविण्याचें एक यंत्र सुरू केलें, आणि तें सुरू होतां होतांच थिजून गेलें. मायक्रोसॉफ्ट कंपनीचें ‘झ्यून’ या नांवाचें, तीस गिगाबाइटांचें हें यंत्र. पडद्यावर बोधचिन्ह उमटे आणि त्यापुढें कांहीं घडेना. एखादें यंत्र बिघडलें तर त्यांत नवल नाहीं. परंतु एकाच दिवशीं, एकाच रीतीनें, एका जातीचीं सारीं यंत्रें बिघडावीं हें नवलाचें होतें. कंपनीनें सुचविलेला उपायहि तितकाच चमत्कारिक होता. बॅटरी पूर्ण उतरूं द्यावी, आणि दुसऱ्या दिवशीं ग्रीनिच वेळेप्रमाणें दुपारचे बारा वाजून गेल्यावर यंत्र पुन्हां सुरू करावें! तसें केल्यावर तीं यंत्रें, जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत, गाऊं लागलीं.

झालें होतें तें असें. यंत्रांतील घड्याळ १९८० सालच्या पहिल्या दिवसापासूनचे दिवस मोजून ठेवी. त्या संख्येवरून चालू साल काढण्यासाठीं एक छोटी आज्ञावलि लिहिलेली होती. तिचा आशय साधा होता. दिवसांची संख्या ३६५ हून अधिक असेतोंपर्यंत एकेक वर्ष वजा करीत जावें. साधें वर्ष असेल तर ३६५ दिवस वजा करावे. लीप वर्ष असेल तर, शिल्लक ३६६ हून अधिक असल्यास, ३६६ वजा करावे. आतां २००८ हें लीप वर्ष, आणि ३१ डिसेंबर हा त्याचा ३६६ वा दिवस. वजाबाक्या होतां होतां शिल्लक राहिली बरोबर ३६६. ही संख्या ३६५ हून अधिक, म्हणून काम थांबवावयाचें नाहीं; आणि ३६६ हून अधिक नाहीं, म्हणून वजा कांहींच करावयाचें नाहीं. यंत्रानें पुन्हां पाहिलें : ३६५ हून अधिक? होय. ३६६ हून अधिक? नाहीं. पुन्हां पाहिलें. पुन्हां पाहिलें. बॅटरी उतरेपर्यंत तें तेवढेंच पाहात बसलें. घाण्याचा बैल फिरतो तेव्हां निदान तेल तरी निघतें. येथें तेंहि नव्हतें.

ज्या रचनेंत हीं यंत्रें अडकलीं तिला आज्ञावलि लिहिणारे लोक ‘लूप’ म्हणतात. मराठींत तिला फेरा म्हणावयास हरकत नसावी. तेंच तें काम, अमुक एक अट पुरी होईपर्यंत, पुनःपुन्हां करावें, अशी ही आज्ञा होय. संगणकाचें बहुतेक सारें सामर्थ्य या पुनरावृत्तींतच आहे. कारण एखादी बेरीज एकदांच करण्यासाठीं कोणी एवढें यंत्र बांधीत नाहीं. १८४३ सालीं एडा लव्हलेस या इंग्रज विदुषीनें चार्ल्स बॅबेज यांच्या ‘ॲनॅलिटिकल एंजिन’ या संकल्पित यंत्रावर ज्या टीपा प्रसिद्ध केल्या, त्यांतच क्रियांचा एक गट पुनःपुन्हां चालविण्याची कल्पना स्पष्ट मांडलेली आढळते. तें यंत्र पुरें झालेंच नाहीं, म्हणून कल्पनाहि कागदावर राहिली. पुढें शंभर वर्षांनीं, १९४४ सालीं, हॉवर्ड एकेन यांच्या योजनेवरून आय. बी. एम. कंपनीनें बांधलेलें ‘मार्क वन’ हें प्रचंड यंत्र अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत सुरू झालें. त्याला आज्ञा दिल्या जात त्या भोंकें पाडलेल्या कागदी पट्टीवरून. एकच गट पुन्हां चालवावयाचा असला म्हणजे त्या पट्टीचीं दोन्ही टोकें एकमेकांस डकवीत आणि तिचें खरोखरीचें कडें करून यंत्रावर चढवीत. आज फेरा हा शब्द अलंकारिक वाटतो. त्या वेळीं तो हातांत धरतां येत होता.

१९५७ सालीं आय. बी. एम. मधील जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनीं ‘फोर्ट्रान’ ही भाषा लोकांपुढें ठेवली. तींत फेऱ्यासाठीं ‘डू’ नांवाची स्वतंत्र आज्ञा होती : अमक्या अंकापासून तमक्या अंकापर्यंत, इतक्या इतक्या पावलांनीं, पुढील मजकूर चालवावा. त्यानंतर आलेल्या बहुतेक भाषांनीं ही आज्ञा या ना त्या रूपांत उचलली, आणि आज शाळेंतील मुलगा पहिल्या आठवड्यांत जी गोष्ट शिकतो ती हीच. बॅकस यांचें नांव मात्र श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. तें पुढें पुन्हां यावयाचें आहे.

फेरा दिसावयास सोपा, परंतु त्यांतल्या तीन गोष्टी लिहिणाऱ्याला स्वतः सांभाळाव्या लागतात. आरंभ कोठें करावयाचा, शेवट केव्हां करावयाचा, आणि प्रत्येक खेपेस काय बदलावयाचें? यांपैकीं एकहि चुकली तरी घात होतो. शंभर फूट लांबीच्या कुंपणाला दर दहा फुटांवर एक खांब रोवावयाचा तर खांब किती लागतील, असें विचारलें असतां चटकन् उत्तर येतें दहा. खरें उत्तर अकरा आहे. अनुभवी माणसेंहि याच जातीची चूक फेरे लिहितांना करितात. आणि झ्यूनच्या बाबतींत तर तिसरी गोष्टच राहून गेली होती : एका विशिष्ट दिवशीं, प्रत्येक खेपेस, कांहींच बदलत नव्हतें.

तेव्हां असा प्रश्न उभा राहतो कीं, पुनरावृत्ति हवी असेल तर फेरा हा घातलाच पाहिजे काय? मोजण्याचें आणि थांबण्याचें ओझें माणसाच्या डोक्यावरून कांहीं अंशीं उतरवितां येणार नाहीं काय? या प्रश्नाचीं उत्तरें एकाहून अधिक आहेत, आणि त्यांतलें पहिलें फार जुनें आहे.

नाटकाच्या तिकिटांसाठीं लांबलचक रांग लागली आहे असें समजा. शेवटीं उभ्या असलेल्या गृहस्थाला आपला क्रमांक कितवा हें जाणून घ्यावयाचें आहे. एक मार्ग असा कीं, त्यानें रांग सोडून पुढें जावें आणि एकेक माथें मोजीत परत यावें. हा फेरा. दुसरा मार्ग असा कीं, त्यानें जागेवरून न हलतां पुढच्या माणसाला विचारावें, ‘आपला क्रमांक कितवा?’ आणि मिळालेल्या उत्तरांत एक मिळवावा. पुढच्या माणसालाहि आपला क्रमांक ठाऊक नाहीं. तोहि त्याच्या पुढच्याला तेंच विचारतो. असें होतां होतां प्रश्न खिडकीपाशीं पोहोंचतो. खिडकीपाशीं असलेल्या माणसाच्या पुढें कोणी नाहीं. तो म्हणतो ‘पहिला.’ मग उत्तर मागें येऊं लागतें : दुसरा, तिसरा, चौथा... रांगेंतल्या कोणीहि सबंध रांग मोजली नाहीं. प्रत्येकाला दोनच गोष्टी माहीत असाव्या लागल्या. पुढें कोणी नसेल तर काय सांगावयाचें, आणि असेल तर त्याच्या उत्तराचें काय करावयाचें.

या रीतीला ‘रिकर्शन’ म्हणतात. काम करणारी आज्ञा काम पुरें करण्यासाठीं स्वतःलाच, पण थोड्या लहान प्रश्नासाठीं, पुन्हां बोलावते. प्रश्न लहान लहान होत शेवटीं इतका क्षुद्र होतो कीं त्याचें उत्तर उघडच असतें. ही विचारसरणी गेल्या शतकांतील नव्हे. आपल्याकडील छंदःशास्त्रकार पिंगल यानें प्राचीन काळीं एका चरणांतील अक्षरांवरून वृत्तांचे प्रकार किती होतात हें काढण्याची जी रीति सूत्रबद्ध केली आहे, ती या जातीची आहे. प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरु. म्हणून सहा अक्षरांच्या चरणाचे प्रकार म्हणजे दोनाचा सहा वेळां गुणाकार. पिंगल तो सहा वेळां करीत नाहीं. संख्या सम असेल तर तिचें अर्ध करून एक खूण लिहावी. विषम असेल तर एक वजा करून दुसरी खूण लिहावी. शून्य होईतोंपर्यंत असें उतरत जावें. सहाचे तीन, तिनाचे दोन, दोनाचा एक, एकाचें शून्य. मग एक हा अंक घेऊन त्याच खुणांवरून उलटें चढावें : वजा केल्याची खूण असेल तेथें दुप्पट, अर्ध केल्याची खूण असेल तेथें वर्ग. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे चौसष्ट. सहाच्या बाबतींत या खटाटोपाचा लाभ फारसा दिसत नाहीं; परंतु अक्षरें शंभर असतील तर शंभर वेळां दुप्पट करण्याऐवजीं अवघ्या नऊ पायऱ्या उतराव्या व नऊ चढाव्या लागतात. यांतील मर्म त्या खुणांत आहे. उतरतांना काय केलें हें लिहून ठेविल्यावांचून चढतां येत नाहीं. ही गोष्ट पुढें संगणकाला फार महाग पडावयाची होती.

संगणकाच्या भाषांत ही रीति आणली ती मुख्यतः जॉन मॅकार्थी यांनीं. १९५८ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत त्यांनीं ‘लिस्प’ भाषेचें काम सुरू केलें आणि १९६० सालीं त्यावरील आपला प्रसिद्ध निबंध छापला. त्यांतील विचार केवळ याद्यांचा होता, आणि यादीची व्याख्याच अशी कीं, ती एक तर रिकामी असते किंवा तींत एक पहिली वस्तु व तिच्यामागें उरलेली यादी असते. वस्तूच अशी असल्यावर तिच्यावर चालणारी आज्ञाहि आपोआप तशीच होते : पहिल्याचें काय तें करावें, आणि उरलेल्या यादीसाठीं स्वतःलाच बोलवावें. मोजणीचा अंक नाहीं, कुंपणाचे खांब नाहींत.

युरोपांत त्याच सुमारास ‘अल्गोल ६०’ ही भाषा आकार घेत होती. तिच्या अहवालाचें संपादन कोपनहेगन येथें पीटर नाउर करीत होते. १९६० सालच्या आरंभीं त्यांना ॲम्स्टरडॅमहून टेलिफोन आला. बोलणारे होते व्हान वाइनगार्डन आणि डाइक्स्ट्रा. आज्ञेनें स्वतःलाच बोलावण्याची मोकळीक निःसंदिग्ध व्हावी म्हणून त्यांनीं अहवालांत एका वाक्याची भर सुचविली, आणि नाउर यांनीं ती घातली. एका टेलिफोनावर एका भाषेचें भवितव्य ठरावें, ही गोष्ट समित्यांच्या कारभाराला अनुरूपच म्हणावयाची! त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें डाइक्स्ट्रा आणि झोनेव्हेल्ड यांनीं ही मोकळीक प्रत्यक्ष यंत्रावर चालवूनहि दाखविली. त्यासाठीं वापरलेली युक्ति म्हणजे ताटांची चळत. प्रत्येक वेळीं नवा प्रश्न निघाला कीं अर्धवट राहिलेल्या कामाचें टिपण एका ताटांत ठेवून तें चळतीवर चढवावें. उत्तर आलें कीं वरचें ताट काढून काम पुढें चालू करावें. शेवटीं ठेविलेलें ताट प्रथम निघतें, आणि तेंच येथें हवें असतें. पिंगलाच्या खुणा त्या याच.

या सवलतीचा पहिला मोठा लाभ टोनी होर या तरुण इंग्रजाला झाला. मॉस्को विद्यापीठांत शिकत असतां त्यांच्यापुढें रशियन वाक्यांतील शब्द कोशाच्या क्रमानें लावण्याचा प्रश्न आला, आणि त्यावर त्यांना एक युक्ति सुचली. लग्नाच्या आमंत्रणपत्रिका नांवांच्या क्रमानें लावावयाच्या आहेत असें धरावें. गठ्ठ्यांतून कोणतीहि एक पत्रिका उचलावी. तिच्या आधीं येणारीं नांवें डावीकडे टाकावीं, नंतर येणारीं उजवीकडे. आतां ती उचललेली पत्रिका आपल्या कायमच्या जागीं बसली. राहिले दोन लहान गठ्ठे. त्यांचें काय करावयाचें? तेंच. इंग्लंडांत परतल्यावर होर एका कंपनींत नोकरीस लागले. तेथें क्रम लावण्याची दुसरी एक रीति यंत्रावर बसविण्याचें काम त्यांच्याकडे आलें. तें पुरें झाल्यावर, आपल्याजवळ याहून जलद रीति आहे असें त्यांनीं वरिष्ठाला सांगितलें, आणि वरिष्ठानें ती तशी नसल्याबद्दल सहा पेन्सांची पैज लावली. पैज होर यांनीं जिंकली. तथापि ही रीति फेऱ्यांच्या भाषेंत समजावून सांगणें त्यांना जड जाई. १९६१ सालीं ब्राइटन येथें अल्गोलचा वर्ग भरला. शिकविणाऱ्यांत नाउर व डाइक्स्ट्रा दोघेहि होते. तेथें आज्ञेनें स्वतःला बोलावण्याची सोय होर यांना समजली, आणि जें सांगतां येत नव्हतें तें थोड्या ओळींत मावलें. ‘क्विकसॉर्ट’ या नांवानें ती रीति आजहि जगभर चालते.

येथवर सारें गोडच दिसलें. परंतु रिकर्शनला किंमत द्यावी लागते. ताटांची चळत छतापर्यंतच जाते. रांगेंत दहा लाख माणसें असतील तर खिडकीपासून उत्तर निघण्यापूर्वीं दहा लाख अर्धवट प्रश्न कोणींतरी सांभाळले पाहिजेत, आणि यंत्राची त्यासाठीं राखलेली जागा संपली कीं आज्ञावलि कोसळते. सध्यां अत्यंत लोकप्रिय असलेली ‘पायथॉन’ भाषा तर साधारणतः एक हजार ताटांवरच हात वर करिते.

दुसरा धोका अधिक फसवा आहे. छंदःशास्त्रांतीलच उदाहरण घ्यावें. लघु अक्षराची मात्रा एक, गुरूच्या दोन. तर तीस मात्रांच्या ओळी किती प्रकारांनीं होतील? शेवटचें अक्षर लघु असेल तर मागें २९ मात्रा उरतात, गुरु असेल तर २८. म्हणून तिसांचें उत्तर म्हणजे त्या दोन उत्तरांची बेरीज. विरहांक आणि त्यानंतर बाराव्या शतकांत हेमचंद्र यांनीं हा नियम सांगितला. इटलींतील पिसानगरचा लिओनार्दो याच्या १२०२ सालच्या ग्रंथांतील सशांच्या हिशेबांत हेच अंक येतात, आणि जगानें त्यांना त्याच्या ‘फिबोनाची’ या नांवानें ओळखावें हा केवळ नशिबाचा भाग. नियम इतका सुंदर कीं तो जसाच्या तसा यंत्राला सांगण्याचा मोह होतो. सांगून पाहिलें तर उत्तर बरोबर येतें : १३,४६,२६९. परंतु तें काढण्यासाठीं यंत्र स्वतःला १६,६४,०७९ वेळां प्रश्न विचारतें. कारण २८ मात्रांचें उत्तर एकदां काढलेलें असतांहि तें विसरून पुन्हां काढलें जातें, २७ चें त्याहून अधिक वेळां, आणि असेंच खालपर्यंत. कागदाच्या एका चिठोऱ्यावर आलेलीं उत्तरें टिपून ठेविलीं तर तीसच उत्तरें काढावीं लागतात. १९६८ सालीं डोनाल्ड मिची यांनीं अशा टिपणवहीची सोय सर्वसाधारण आज्ञांना कशी जोडावी हें दाखविलें. वही ठेवणाऱ्या गृहिणीला यांत नवें कांहीं वाटणार नाहीं.

ताटांच्या चळतीवरहि तोड निघाली. तिकिटांच्या रांगेंत प्रश्न तोंडी न विचारतां त्या गृहस्थानें एका चिठीवर ‘एक’ लिहून ती पुढें दिली, प्रत्येकानें अंकांत एक मिळवून ती पुढें सरकविली, आणि खिडकीपाशीं असलेल्या माणसानें शेवटचा आकडा मोठ्यानें वाचून दाखविला, तर मधल्या कोणालाहि उत्तराची वाट पाहात उभें राहावें लागत नाहीं. चिठी दिली कीं त्याचें काम संपलें. ताट ठेवण्याचें कारणच नाहीं. १९७५ सालीं गाय स्टील आणि जेराल्ड ससमन यांनीं तयार केलेल्या ‘स्कीम’ भाषेंत अशा प्रसंगीं ताट ठेवावयाचेंच नाहीं असा दंडक घातला गेला. मग ही रीति फेऱ्याइतकीच काटकसरी होते. किंबहुना यंत्राच्या दृष्टीनें तो फेराच होय; फरक एवढाच कीं माणसाला तो तसा लिहावा लागला नाहीं.

असें असूनहि कांहीं ठिकाणीं रिकर्शनला दार बंद आहे. २००६ सालीं अमेरिकेच्या ‘जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी’मधील जेरार्ड होल्झमन यांनीं, जेथें चूक झाली तर दुरुस्तीला माणूस पाठवितां येत नाहीं अशा आज्ञावलींसाठीं दहा नियम प्रसिद्ध केले. पहिल्याच नियमानें रिकर्शन वर्ज्य ठरविलें. परंतु दुसरा नियम फेऱ्यांना उद्देशून आहे : प्रत्येक फेऱ्याला जास्तींत जास्त किती खेपा, ही मर्यादा आधीं ठरलेली व तपासतां येण्यासारखी असली पाहिजे. अंतराळयानाच्या कारागिरांना दोघांचाहि सारखाच संशय आहे, आणि तो रास्त आहे.

पुनरावृत्तीचा तिसरा मार्ग या दोहोंहून निराळा आहे, आणि घरांतल्या व्यवहाराला तो अधिक जवळचा आहे. पंगत बसली आहे. यजमान वाढप्याला सांगतात, ‘पंगतीला पुऱ्या वाढा.’ ‘पहिल्या पानापाशीं जा, दोन पुऱ्या वाढा, एक पाऊल सरका, पानें संपलीं कीं काय पाहा, नसल्यास पुन्हां वाढा’ असें कोणी शहाणा माणूस सांगत नाहीं. पुनरावृत्ति आहे, पण ती ‘पंगतीला’ या एका शब्दांत गुंडाळलेली आहे. आज्ञावलीच्या भाषेंत या रीतीला ‘मॅप’ म्हणतात : यादींतील प्रत्येकाला अमुक क्रिया लावावी. तिच्या दोन बहिणी आहेत. ‘फिल्टर’ ही तांदूळ निवडण्यासारखी. कसोटीला उतरेल तें ठेवावें, बाकीचें टाकावें. ‘रिड्यूस’ ही बेरजेसारखी. सारी यादी आटवून तिचें एक उत्तर करावें. कॅनडांत जन्मलेले केनेथ आयव्हर्सन यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘ए. पी. एल.’ या लेखनपद्धतींत सबंध यादीची बेरीज अधिकाचें चिन्ह व एक तिरकी रेघ एवढ्या दोन चिन्हांत लिहितां येते. वाचणाऱ्याला प्रथम भीति वाटते. आकडेमोडीच्या माणसांना मात्र तिचें वेड लागलें.

आतां बॅकस यांच्याकडे परत यावयाचें. संगणकशास्त्रांतील सर्वांत मोठा मान जो ट्यूरिंग पुरस्कार, तो त्यांना १९७७ सालीं मिळाला, आणि तो मुख्यतः फोर्ट्रानबद्दल होता. अशा प्रसंगीं सत्कारमूर्तीनें आपल्या कृतीचें थोडें कौतुक करावें अशी रीत आहे. बॅकस यांनीं आपल्या भाषणांत तिच्यावरच आरोपपत्र ठेवलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें. यंत्राचा विचार करणारा भाग एकीकडे आणि आठवणींचा सांठा दुसरीकडे. मध्यें एक अरुंद नळी, आणि तिच्यांतून एका वेळीं एकच शब्द जातो येतो. यंत्राची ही अडचण फोर्ट्रानसारख्या भाषांनीं माणसाच्या विचारावर लादली. त्यामुळें माणूसहि एका वेळीं एकाच शब्दाचा विचार करूं लागला. वाण्याचें बिल हें त्याचें घरगुती उदाहरण होईल. फेऱ्याच्या भाषेंत : बेरीज शून्य धरा, अंक एक धरा, पहिला दर पहिल्या वजनानें गुणा, बेरजेंत मिळवा, अंक वाढवा, संपलें काय पाहा. बॅकस यांना हवें तें असें : दर आणि वजनें यांच्या जोड्या लावा, प्रत्येक जोडीचा गुणाकार करा, सर्वांची बेरीज घाला. तीन क्रिया, तिन्ही सबंध यादीवर. ज्या मनुष्यानें जगाला फेरा लिहावयास शिकविलें त्यानेंच वीस वर्षांनीं भर सभेंत उभें राहून तो सोडा म्हणावें, यास मनाचा मोठेपणा लागतो. त्यांनीं त्याऐवजीं सुचविलेली ‘एफ. पी.’ ही भाषा स्वतः फारशी चालली नाहीं. पण मागणी जिवंत राहिली, आणि १९९० सालीं प्रकट झालेल्या ‘हास्केल’ भाषेंत तर नेहमींच्या फेऱ्याची आज्ञाच ठेवलेली नाहीं.

या मार्गाचा खरा लाभ मात्र सौंदर्याचा नव्हे, श्रमविभागाचा आहे. फेरा म्हणतो, आधीं हें आणि मग तें. ‘पंगतीला वाढा’ या आज्ञेंत आधीं कोण व मग कोण हें सांगितलेलेंच नसतें. म्हणून पानें शंभर असतील तर दहा वाढपी एकदम सोडतां येतात. २००४ सालीं गूगल कंपनींतील जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनीं ‘मॅपरिड्यूस’ या नांवाची पद्धति प्रसिद्ध केली. जगांतल्या असंख्य पानांची शब्दसूचि करावयाची, तर तें काम हजारों साध्या यंत्रांत वांटून द्यावें. प्रत्येकानें आपल्या वांट्यापुरतें ‘मॅप’ करावें, आणि मग आलेलीं उत्तरें ‘रिड्यूस’नें आटवावीं. एखादें यंत्र मध्येंच बंद पडलें तर त्याचा वांटा दुसऱ्याला द्यावा. बाकीच्यांना तें कळण्याचेंहि कारण नाहीं. हीं नांवें व ही कल्पना लिस्पवरून घेतल्याचें त्यांनीं स्वतःच नमूद केलें आहे.

यालाहि एक अट आहे, आणि ती विसरणारे पुष्कळ. आटवण्याची क्रिया अशी हवी कीं गट कसेहि पाडले तरी उत्तर तेंच यावें. बेरजेला ही अट पाळतां येते, वजाबाकीला नाहीं. दहांतून तीन व मग दोन काढले तर पांच उरतात. परंतु तिनांतून दोन काढून उरलेला एक दहांतून काढला तर नऊ. वांटप करण्यापूर्वीं हें ज्यानें पाहिलें नाहीं त्याला हजार यंत्रें हजारपट वेगानें चुकीचें उत्तर देतील.

शिवाय थोडक्यांत लिहिलेलें नेहमींच सुबोध असतें असें नाहीं. पायथॉन भाषेचे जनक गीडो व्हान रॉसम यांनीं २००५ सालीं ‘रिड्यूस’ भाषेंतून काढून टाकण्याची इच्छा बोलून दाखविली. बेरीज किंवा गुणाकार यांपलीकडचें कांहीं त्यांत घातलें कीं तें समजण्यासाठीं कागद-पेन्सिल घ्यावी लागते, अशी त्यांची तक्रार होती. २००८ सालीं निघालेल्या तिसऱ्या आवृत्तींत ती आज्ञा दिवाणखान्यांतून माजघरांत गेली : नाहींशी झाली नाहीं, पण मागून घ्यावी लागते. साधा, चार ओळींचा, नीट नांवें दिलेला फेरा अनेकदां त्या चातुर्यापेक्षां बरा, हें त्यांचें मत अनुभवी माणसाला पटण्यासारखें आहे. याद्या आटवितांना, निवडतांना आणि वाढतांना तिसरा मार्ग घ्यावा. फांद्या फुटणाऱ्या वस्तूंसाठीं, म्हणजे वंशवृक्ष किंवा कपाटांतलीं कपाटें यांसाठीं, रिकर्शनला जोड नाहीं. आणि एखादी घटना घडेपर्यंत थांबून राहावयाचें असेल तर फेऱ्याला लाजण्याचें कारण नाहीं.

राहतां राहिलें तें झ्यून. त्याला या तिहींपैकीं कोणता मार्ग उपयोगी पडला असता? खरें पाहतां एकहि नको होता. १९८० पासून दर चार वर्षांची एक चौकडी धरली तर तिचे दिवस नेहमींच १,४६१ होतात; चौकडींतलें पहिलें वर्ष ३६६ दिवसांचें, बाकीचीं तीन ३६५ ची. ३१ डिसेंबर २००८ हा १ जानेवारी १९८० पासूनचा १०,५९३ वा दिवस. म्हणजे त्यापूर्वीं पुरे झालेले दिवस १०,५९२. त्यांना १,४६१ नें भागलें असतां भागाकार ७ येतो आणि बाकी ३६५. सात चौकड्यांचीं २८ वर्षें २००७ च्या अखेरीस संपलीं. बाकी ३६६ हून कमी आहे, म्हणून साल चौकडींतलें पहिलें, म्हणजे २००८, आणि त्यांतला दिवस ३६६ वा. चौथीच्या वर्गांतल्या एका भागाकारानें काम झालें. अठ्ठावीस वजाबाक्या नकोत, आणि अडकून बसण्यास जागाच नाहीं. हा हिशेब २१०० सालच्या फेब्रुवारीअखेर बिनचूक चालेल. २१०० हें लीप वर्ष नाहीं; तेथून पुढें चौकडीऐवजीं चारशें वर्षांचा, १,४६,०९७ दिवसांचा गट धरावा लागेल.